संध्याकाळी गेले की वाघ दिसतोच?

उन्हाळ्याच्या सुट्टीत अमरावती-अकोल्याची मंडळी नागपूरला पाहुणी गेली, की लेकराबाळांसह महाराजबागेची फेरी होते. ही बाग चालवते अकोल्याचेच डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. निघताना घरातले कुणीतरी हमखास सांगते, ‘ऊन उतरू द्या, वाघ-बिबटे संध्याकाळीच जागे होतात.’

जंगलापुरते हे बरेचसे खरे आहे. प्राणिसंग्रहालयात मात्र वाघाचा दिवस खाण्याच्या वेळेभोवती फिरतो. मोठ्या मांसाहारी प्राण्यांना साधारणपणे दिवसातून एकदाच, सायंकाळच्या सुमारास, मागच्या बंद खोलीत मांस देतात. वेळ जवळ आली की वाघ त्या दाराशी येरझाऱ्या घालू लागतो. दार सरकले की तो आत जातो आणि बहुधा सकाळीच बाहेर येतो. शेवटच्या अर्ध्या तासात पोहोचलेल्या मुलांच्या वाट्याला मग रिकामे आवार येते. त्यापेक्षा सकाळी फाटक उघडताच जावे. रात्रभर आत राहिलेला वाघ तेव्हा कानाकोपरा हुंगतो, शेपटी उचलून झुडपावर फवारा मारतो, ओंडक्यावर नखे ओढतो.

त्याला आठवड्यातून एक दिवस उपास घडवतात, यावरूनही लोक हळहळतात. पण जंगलातला वाघ तरी रोज कुठे शिकार करतो? एक सांबर त्याला काही दिवस पुरते.

मग दिवे लावून रात्रीही बाग उघडी का ठेवत नाहीत? सिंगापूरने १९९४मध्ये रात्रीचे प्राणिसंग्रहालय सुरू केले, पण ते मुळातच रात्रीसाठी आखलेले होते आणि तिथला उजेड चांदण्यासारखा मंद ठेवलेला आहे. दिवसाच्या बागेत झगझगीत दिवे लावणे म्हणजे प्राण्यांची हक्काची विश्रांती हिरावून घेणे.

वऱ्हाडात रात्री प्राणी पाहण्याची खरी संधी मिळते ती मेळघाटात, बुद्धपौर्णिमेला. अमरावती जिल्ह्यातील जंगलांत आणि अकोटकडच्या नरनाळ्याच्या बाजूला पाणवठ्यांजवळ मचाणे असतात. वनविभागाच्या ‘निसर्गानुभव’ उपक्रमात नाव नोंदवलेले लोक दुपारनंतर मचाणावर चढतात ते दुसऱ्या दिवशी सकाळी उतरतात. अस्वल, रानगवा, सांबर, जे पाण्यावर येईल ते वेळेसह कागदावर टिपायचे. मधे खाली उतरायचे नाही, मोठ्याने बोलायचे नाही.

गावोगावी याला अजूनही ‘वाघांची गणना’ म्हणतात, आणि हा गैरसमज दूर व्हायलाच हवा. एकच वाघ एका रात्रीत दोन पाणवठ्यांवर येऊ शकतो, दुसरा एकाही पाणवठ्यावर फिरकत नाही. अशा मोजणीतून संख्या कळणार कशी? २००६पासून दर चार वर्षांनी होणाऱ्या देशव्यापी गणनेत झाडांना बांधलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांची छायाचित्रे वापरतात. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असल्याने तो नेमका ओळखता येतो. पौर्णिमेच्या रात्री वाघ दिसला नाही म्हणून ‘मेळघाटात वाघच उरले नाहीत’ असे सांगत सुटणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आणि घुबडे रात्रीच दिसतात? मेळघाटचा रानपिंगळा चक्क दिवसाउजेडी शिकार करतो. १८८४नंतर त्याची खात्रीलायक नोंदच नव्हती, तो नामशेष झाला असेच अभ्यासक धरून चालले होते. १९९७मध्ये तो शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा सापडला. पुढे मेळघाटातही तो चांगल्या संख्येने असल्याचे दिसून आले. त्याला पाहायचे, तर रात्रीचे मचाण सोडून सकाळच्या उन्हात सागाच्या उघड्या फांद्या न्याहाळाव्या लागतात.