वेशीबाहेर थांबलेलं कर्ज

बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातलं सुलतानपूर हे मेहकर–जालना रस्त्यावरचं गाव. कारभार ग्रामपंचायतीचा. संकटकाळात सरकारने लहान व्यावसायिकांसाठी काय केलं, हे पाहताना या शेवटच्या गोष्टीला फार महत्त्व येतं.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे टाळेबंदी लागली. आठवडी बाजार बंद झाले, टपऱ्यांवर ताडपत्री पडली. १ जूनला केंद्राने फेरीवाल्यांसाठी पीएम स्वनिधी योजना जाहीर केली. तारण नको, जामीनदार नको, १० हजार रुपये भांडवल, वर्षभरात फेड, वेळेवर हप्ते भरले तर व्याजात ७ टक्के सवलत. पहिलं कर्ज फेडलं की २० हजार, नंतर ५० हजार. छोट्या माणसाच्या गरजेच्या मापाचं हे कर्ज होतं.

पण योजना शहरी होती. २४ मार्च २०२० रोजी किंवा त्याआधीपासून नगरपालिकेच्या हद्दीत विक्री करणाऱ्यालाच ती लागू होती. खेड्यातून शहरात येऊन माल विकणाराही चालत होता. म्हणजे सुलतानपूरचा एखादा भाजीवाला लोणार किंवा मेहकर नगरपालिकेच्या हद्दीत हातगाडी लावत असेल तर पात्र. तीच गाडी आपल्याच गावात लावत असेल तर अपात्र. टाळेबंदीने मात्र दोन्ही गाड्या सारख्याच थांबवल्या होत्या. संकट सगळ्यांवर आलेलं असताना मदतीला हद्द घालणं हा या चांगल्या योजनेतला मोठा दोष होता.

मोठ्या पॅकेजचीही गत वेगळी नव्हती. मे २०२० मध्ये ३ लाख कोटींची आपत्कालीन कर्जहमी योजना आली. २९ फेब्रुवारी २०२० रोजी जेवढं कर्ज बाकी, त्याच्या २० टक्के रक्कम बँकेने विनातारण द्यायची, हमी सरकारची. मुद्दलाची फेड पहिलं वर्ष नाही. योजनेने अनेक कारखाने आणि दुकानं सावरली. पण ज्याच्या नावावर आधीचं कर्जच नाही, त्याच्या बाकीचे २० टक्के म्हणजे शून्य. उसनवारीवर आणि घरच्या पैशावर दुकान चालवणारा या हिशेबात कुठेच बसत नव्हता. हप्त्यांना मिळालेली सहा महिन्यांची स्थगितीही माफी नव्हती. व्याज चालूच राहिलं.

गावापर्यंत जास्त सहज पोहोचण्याजोगा मार्ग होता तो बचत गटांचा. मार्च २०२० मध्येच गटांच्या विनातारण कर्जाची मर्यादा १० लाखांवरून २० लाख करण्याची घोषणा झाली. राज्याच्या ‘उमेद’ ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने गट आधीच बांधलेले होते, त्यांचे हिशेब आणि बँक खाती तयार होती. त्याच वर्षी जूनअखेरीस सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना सुरू झाली. डाळ मिल, मसाला, पापड अशा उद्योगाला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख अनुदान, आणि गटातल्या सदस्याला ४० हजारांपर्यंत बीजभांडवल. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ पासून आहेच. ग्रामीण भागातल्या महिला आणि राखीव प्रवर्गातल्या अर्जदारांना त्यात अनुदान ३५ टक्क्यांपर्यंत जातं.

बुलढाण्याला पैशाच्या संकटाची ओळख करोनाआधीच झाली होती. २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेला परवाना नाकारला. नागपूर आणि वर्ध्याच्या जिल्हा बँकांचंही तेच झालं. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्राने देशातल्या अशा २३ बँकांसाठी पुनरुज्जीवन योजना मंजूर केली, तोवर बरेच हंगाम गेले होते. गावाची बँकच अडचणीत आली की अडल्यानडल्याला सावकाराचा दरवाजा आठवतो.

बँकेकडे तयारीने जायचं तर प्रशिक्षण उपयोगी पडतं. पण त्याकडे लोक अनुदानासाठीची औपचारिकता म्हणून पाहतात, हे दुर्दैव. १९८२ साली कर्नाटकातल्या उजिरे इथे धर्मस्थळाचे वीरेंद्र हेगडे यांच्या पुढाकाराने आणि दोन बँकांच्या साथीने स्वयंरोजगार प्रशिक्षणाची संस्था उभी राहिली. त्याच धर्तीवर पुढे जिल्ह्याजिल्ह्यात बँकांच्या ‘आरसेटी’ संस्था निघाल्या. शिवणकाम, मोबाइल दुरुस्ती, शेळीपालन शिकवतात, राहणं-जेवण मोफत. शिकून गेलेल्याचा पाठपुरावा करणं आणि त्याचं कर्जप्रकरण बँकेत पुढे नेणं हाही या संस्थांच्या कामाचाच भाग आहे. हिशेबाची वही आणि प्रकल्प अहवाल तिथे जमला, की बँकेच्या टेबलावर माणूस अडखळत नाही. जोडीला ‘उद्यम’ नोंदणी हवी. १ जुलै २०२० पासून ती ऑनलाइन आणि विनामूल्य आहे, तिच्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नयेत. सूक्ष्म व लघुउद्योगाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा २०१० पासूनचा दंडक आहे. फाइल परत आली तर कारण लेखी मागावं.

ऑगस्ट २०२५ मध्ये स्वनिधीला मार्च २०३० पर्यंत मुदतवाढ मिळाली. पहिलं कर्ज १५ हजारांचं, दुसरं २५ हजारांचं झालं, आणि योजना टप्प्याटप्प्याने ‘जनगणना शहरां’पर्यंत न्यायचं ठरलं. जनगणना शहर ठरायला लोकसंख्या किमान ५ हजार, घनता चौरस किलोमीटरला ४०० आणि पुरुष मुख्य कामगारांपैकी ७५ टक्के शेतीबाहेर काम करणारे लागतात. विदर्भातल्या बाजाराच्या गावांना पहिली अट अवघड नाही. अडवते ती तिसरी, कारण तिथली बहुतेक घरं अजून शेतीवरच चालतात.