दूरचा संगणक जोडला का जात नाही?

शाळेच्या कार्यालयातील संगणक घरी बसून चालवता येतो, हे आता बऱ्याच शिक्षकांना माहीत आहे. दहावीच्या अंतर्गत गुणांची यादी त्या संगणकावर आहे, ती उद्या सकाळपर्यंत पुरी करायची आहे, आणि पडद्यावर मात्र जोडणी होऊ शकली नाही एवढेच वाक्य. अशा वेळी बहुतेक जण दिसेल ते बटण बदलून पाहतात. त्यातून कधी काम होतेही. पण काय बिघडले होते ते कळत नाही आणि आपण काय काय बदलले तेही आठवत नाही. प्रयोगशाळेत दिवा लागला नाही की आपण घट, तारा, कळ आणि दिवा एकेक करून तपासतो. इथेही तसेच करावे असे आम्ही सुचवतो.

आधी जोडणीत काय घडते ते पाहू. उदाहरणासाठी विंडोजमधील ‘रिमोट डेस्कटॉप’ घेऊ. शाळेचा संगणक आपल्या पडद्यावरील चित्र आपल्याकडे पाठवतो. आपण दाबलेल्या कळा आणि माउसच्या हालचाली उलट दिशेने जातात. त्यासाठी दोन गोष्टी माहीत असाव्या लागतात: त्या संगणकाचा पत्ता आणि पोर्टचा क्रमांक. पत्ता म्हणजे इमारत आणि पोर्ट म्हणजे तिच्यातली खोली असे समजा. रिमोट डेस्कटॉपची नेहमीची खोली ३३८९; व्हीएनसी या दुसऱ्या पद्धतीची ५९००.

आपला संगणक या खोलीचे दार ठोठावतो. आतून होकार आला तर पुढचे बोलणे सुरू होते. कधी लगेच नकार येतो: इमारत सापडली, पण त्या खोलीत कोणी नाही. म्हणजे संगणक चालू आहे, रस्ताही आहे, फक्त रिमोट डेस्कटॉपची सेवा बंद आहे. तिसरी शक्यता निव्वळ शांततेची. संगणक बंद किंवा झोपलेला असेल, पत्ता चुकला असेल, नाहीतर फायरवॉलने ठोठावणे ऐकून मुद्दाम उत्तर दिले नसेल. घरात कोणी आहे हेच परक्याला कळू नये, असा त्यामागचा हेतू असतो. पडद्यावरचा संदेश दोन्ही वेळा बहुधा एकच असतो, म्हणून घड्याळाकडे पाहा. एकदोन सेकंदांत अपयश आले तर तो नकार. बराच वेळ वाट पाहून आले तर ती शांतता. एक अडचण मात्र आहे. विंडोजचा फायरवॉल चालू असला तर तो नकारही गिळून टाकतो. त्यामुळे झटपट नकार बरेच सांगून जातो, शांतता तेवढे सांगत नाही.

मग दुसरी चाचणी करावी. शाळेत असलेल्या एखाद्या सहकाऱ्याला शेजारच्या संगणकावरून जोडणी करून पाहायला सांगा. तिथूनही होत नसेल तर दोष त्या संगणकातच आहे. होत असेल तर बाहेरच्या रस्त्यात. एका चाचणीत निम्मे काम संपते.

संगणकात पाहण्यासारख्या गोष्टी थोड्या आहेत. विंडोजची ‘होम’ आवृत्ती दुसऱ्याकडे जाऊ शकते, पण रिमोट डेस्कटॉपने कोणाला आत घेत नाही. पासवर्ड नसलेल्या खात्याला विंडोज एरवी बाहेरून प्रवेश देत नाही. आणि वीज जाऊन आल्यावर राउटर त्याच संगणकाला नवा पत्ता देऊ शकतो. कालचा पत्ता आज दुसऱ्याचा असेल.

बाहेरच्या रस्त्याची गोष्ट अधिक मजेची आहे. इंटरनेटचा जुना पत्ता ३२ द्विमान अंकांचा असतो, म्हणजे सारे मिळून सुमारे ४२९ कोटी. ते पुरणार नाहीत हे दिसू लागल्यावर काही पत्ते खाजगी वापरासाठी राखून ठेवण्यात आले; त्याचा सध्याचा नियम १९९६ सालचा. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांतलेच. ते शाळेत असतात तसेच आपल्या घरीही. म्हणून शाळेतला तो पत्ता घरून टाकला की संदेश बहुधा घराबाहेर पडतच नाही! बाहेरून यायचे तर शाळेच्या राउटरचा सार्वजनिक पत्ता हवा, आणि राउटरला कोणत्या संगणकाकडे पाठवायचे ते सांगितलेले हवे. काही सेवा देणाऱ्या कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात. राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी दिसला, तर तसे झाले आहे असे समजावे. मग आपल्या राउटरमध्ये कितीही बदल केले तरी उपयोग नाही. टीमव्ह्यूअर किंवा एनीडेस्क अशा ठिकाणी चालतात, कारण त्यांत दोन्ही संगणक आतून बाहेर, मधल्या एका संगणकाकडे जातात.

चिडून फायरवॉल बंद करणे किंवा ३३८९ चे दार साऱ्या जगाला उघडे ठेवणे मात्र आम्हाला धोक्याचे वाटते. मे २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमधील ‘ब्लूकीप’ हा दोष उघड झाला. त्यातून पासवर्डशिवाय आत शिरता येत होते, आणि मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्येच आधार काढून घेतलेल्या विंडोज एक्सपीसाठीही दुरुस्ती दिली. शाळेच्या संगणकावर मुलांची नावे, जन्मतारखा, पत्ते असतात. व्हीपीएनमधून जावे.

दार उघडल्यावरही ओळख पटण्यात अडथळा येतो. मे २०१८ च्या अद्ययावतीकरणानंतर नवी दुरुस्ती बसवलेले संगणक, ती न बसवलेल्या संगणकांशी जोडणी नाकारू लागले. तारा ठीक, पत्ता ठीक, पासवर्डही ठीक; उपाय एवढाच की दोन्हीकडे दुरुस्ती बसवणे. दोन संगणकांच्या तारखांत फरक असला तरी ओळख पटत नाही. शाळेतल्या जुन्या संगणकांत हे हटकून होते: आतला नाण्याएवढा घट संपलेला असतो आणि वीज गेली की तारीख कित्येक वर्षे मागे जाते. तो घट घड्याळाच्या दुकानात मिळतो.