बोटाची पट्टी आणि गळ्याची पट्टी

राहुरी तालुक्यात काय किंवा महाराष्ट्रात इतरत्र काय, भजनाला बसले की आधी प्रश्न येतो, 'पट्टी कोणती?' कुणी 'काळी एक' सांगतो, कुणी 'पांढरी दोन'. पेटीवादक तो स्वर षड्ज मानून वाजवू लागतो. गिटार घेऊन बसलेला नवशिका मात्र इथेच अडतो. सुरुवातीला शिकवल्या जाणाऱ्या सी, डी, ई, जी, ए या कॉर्ड मोकळ्या तारांच्या आधाराने वाजतात आणि त्या साऱ्या पांढऱ्या पट्ट्यांच्या आहेत. काळ्या पट्टीसाठी बार कॉर्डला पर्याय उरतो तो कॅपो नावाच्या चिमट्याचा; पण गाताना मध्येच पट्टी बदलली तर तो हलवायला सवड नसते.

बार कॉर्डमध्ये तर्जनी तारांवर आडवी टेकते. मानेच्या टोकाशी तारा ज्या पट्टीवरून जातात तिला नट म्हणतात. तर्जनी म्हणजे जणू सरकता नट. स्पॅनिश भाषेत तिला भुवईचाच शब्द आहे. ई कॉर्ड, म्हणजे पांढरी तीन, या आकारात उरलेली तीन बोटे धरून हात पुढे सरकवला की पहिल्या पडद्यावर पांढरी चार, दुसऱ्यावर काळी तीन, चौथ्यावर काळी चार, सहाव्यावर काळी पाच आणि नवव्यावर काळी एक मिळते. एका आकारात बाराही पट्ट्या येतात.

तरीही अनेकांची गिटार याच टप्प्यावर भिंतीवर जाते. कारण बहुधा पहिली बार कॉर्ड म्हणून पहिल्या पडद्यावरची एफ शिकवली जाते आणि नेमकी तीच सर्वांत कठीण. तारेची लांबी ६५ सेंटिमीटर धरली, तर पहिला पडदा नटापासून सुमारे साडेतीन सेंटिमीटरवर येतो. टोकाच्या इतक्या जवळ ताणलेली तार दाबायला अधिक जोर लागतो. त्यात नटाच्या खाचा उथळ असल्या, तर तारा आणखी उंच राहतात. हा दोष वाद्याचा. शिकणारा मात्र आपली बोटेच कमजोर समजतो.

म्हणून सुरुवात पाचव्या पडद्यावर करावी. तिथे तारा सहज दबतात. तर्जनी सपाट न ठेवता अंगठ्याकडच्या हाडाच्या कडेवर किंचित कलती ठेवावी आणि पडद्याच्या अगदी लगत आणावी. ई आकारात पाचवी, चौथी, तिसरी तार इतर बोटे दाबतात. तर्जनीला सहावी, दुसरी आणि पहिली एवढ्याच सांभाळायच्या असतात. अंगठ्याने चिमटा घेण्यापेक्षा कोपर अंगाजवळ ठेवून हाताचा भार मागे ओढावा. मग एकेक तार छेडून पाहावी. मुकी राहिली तर जोर वाढवण्याआधी बोटाची जागा बदलावी. पेराची घडी तारेखाली आली तरी सूर दबतो. मनगट दुखू लागले की थांबावे.

पाचव्यावर सूर मोकळा आला की एकेक पडदा मागे यावे. एफ मग शेवटी येते, आणि तोवर काळी चार, काळी तीन हाती आलेल्या असतात.