पान लागले नाही, तरीही

पत्त्यांचे नाव काढले की शिक्षकांच्या कपाळाला आठी पडते, हे आम्हाला ठाऊक आहे. त्यातून पोकर म्हणजे जुगारच. तरी या लेखापुरती ती आठी बाजूला ठेवावी, अशी विनंती आहे. संभाव्यता शिकवताना आपण 'बावन्न पत्त्यांतून एक पत्ता काढला, तर तो एक्का असण्याची संभाव्यता किती?' असे विचारतो आणि उत्तर १/१३ आले की थांबतो. त्या उत्तराचे पुढे करायचे काय, हे मुलांना कळतच नाही. या खेळात ते पहिल्या पाच मिनिटांत कळते. आम्ही डाव मांडतो ते चिंचोक्यांवर.

पोकरचे प्रकार अनेक. आपण घेऊ तो 'टेक्सास होल्डेम'. अमेरिकेत १९७० साली सुरू झालेल्या 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर' या स्पर्धेचे मुख्य अजिंक्यपद याच प्रकारात ठरते. प्रत्येकाला दोन झाकलेली पाने मिळतात. त्यावर बोली होते. मग मध्ये तीन पाने उघडी मांडतात. ती सगळ्यांची सामाईक. यांना 'फ्लॉप' म्हणतात. पुन्हा बोली. नंतर चौथे आणि पाचवे पान, प्रत्येकानंतर बोली. शेवटी आपली दोन आणि मधली पाच यांतून ज्याची पाच पाने सर्वांत भारी, त्याला मधला ढीग. पण त्याआधीच बाकीच्यांनी पाने टाकून दिली, तर उरलेल्याला ढीग आपोआप मिळतो, आणि त्याला आपली पाने दाखवावीही लागत नाहीत. सगळी गंमत या शेवटच्या कलमात आहे.

समजा, फ्लॉपच्या आधी समोरच्याने बोली वाढवली आणि आपण तेवढे चिंचोके टाकून डावात राहिलो. आता तीन पाने उघडली. समोरचा पुन्हा चाल करतो. आधीचा जोर तसाच पुढे चालवायचा, म्हणून हिला 'कंटिन्युएशन बेट' म्हणतात. आपण 'सलग चाल' म्हणू. १९९५ सालचे विजेते डॅन हॅरिंग्टन यांनी २००४ सालच्या पुस्तकात तिची सविस्तर चर्चा केली आहे. प्रश्न असा, की त्याला खरोखर काही लागले आहे, की तो नुसताच हूल देतो आहे?

आधी आपलेच पाहू. हातात राजा आणि गुलाम आहेत. न पाहिलेली पाने ५०. त्यांत तीन राजे आणि तीन गुलाम, म्हणजे आपल्या उपयोगाची ६ आणि निरुपयोगी ४४. तिन्ही पाने निरुपयोगी निघण्याची संभाव्यता ४४/५० × ४३/४९ × ४२/४८, म्हणजे सुमारे ०.६८. थोडक्यात, शंभरांतून अडुसष्ट वेळा आपली जोडी लागतच नाही.

आता ढिगात ६० चिंचोके आहेत आणि समोरचा ३० लावतो. 'जोडी लागली तर राहायचे, नाही तर पाने टाकायची,' असा सरळमार्गी नियम आपण पाळला, तर साधारण दर तीन डावांत दोनदा आपण पळ काढू. समोरच्याला दोनदा ६० मिळतील आणि एकदा त्याचे ३० जातील. तीन डावांत ९० चिंचोक्यांचा फायदा, तोही हातात काहीही नसताना! त्याला पाने बघायचीसुद्धा गरज नाही. नवशिके हरतात ते बहुधा इथेच, आणि आपण फार सावध खेळलो याचे त्यांना समाधानही असते.

त्याची हूल फुकट जावी, असे वाटत असेल तर आपण किती वेळा राहायला हवे? ६० मिळवण्यासाठी तो ३० पणाला लावतो. तीनांतून एकदाच आपण सोडले, तर त्याला एकदा ६० मिळतात आणि दोनदा ३०-३० जातात. हिशेब शून्य. म्हणजे आपण दोन-तृतीयांश वेळा टिकून राहायला हवे. चाल ढिगाएवढी असेल तर निम्म्या वेळा, ढिगाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी असेल तर पाऊण वेळा.

पण जोडी तर एक-तृतीयांश वेळाच लागते. मग दुसरा एक-तृतीयांश आणायचा कुठून? अर्थातच, काहीही न लागलेल्या पानांतून. फक्त ती निवडून घ्यायची. ३० टाकून राहिलो की ढीग १२० चा होतो. म्हणजे चारांतून एकदा जिंकलो तरी भरपाई होते. हातात दोन बदाम आणि फ्लॉपवर दोन बदाम असतील, तर उरलेल्या ४७ पानांत ९ बदाम असतात, आणि पुढच्या दोन पानांत निदान एक येण्याची संभाव्यता ३५ टक्के. मधल्या तिन्हींपेक्षा मोठी अशी आपली दोन पाने असतील, तर जोडी लागण्याची संभाव्यता २४ टक्के. हे दुसरे जरा फसवे आहे: जोडी लागूनही हरता येते, आणि चौथ्या पानानंतर पुन्हा चिंचोके मागितले जातात. पण समोरच्यालाही बहुतेकदा काही लागलेले नसते, ही आपली जमेची बाजू. कधी कधी नुसते न राहता उलट बोली वाढवावी, ती यासाठीच.

फ्लॉपचा तोंडवळाही पाहावा लागतो. वेगवेगळ्या रंगांची राजा, सत्ती, दुर्री आली तर ती बोली वाढवणाऱ्याच्या बाजूची, कारण मोठी पाने बहुधा त्याच्याकडे. दश्शी, नव्वी, अठ्ठी आली तर मधल्या पानांनिशी राहिलेल्याला बळ येते. शिवाय दोन-तृतीयांश हा आकडा ब्रह्मवाक्य नव्हे. हूल देणाऱ्याची पानेही पुढे सुधारू शकतात. म्हणून कमकुवत पानांवर स्वस्तात डावात आलेल्याने याहून थोडे अधिक वेळा सोडणेच योग्य ठरते.

हूल ही स्वभावाची नसून गणिताची गोष्ट आहे, हे जॉन फॉन नॉयमन यांनी दाखवले. त्यांचा खेळांच्या सिद्धांतावरील निबंध १९२८ सालचा, आणि मॉर्गेनस्टर्न यांच्यासह लिहिलेल्या १९४४ च्या ग्रंथात तर पोकरवर वेगळा विभागच आहे. पुढे २०१७ साली कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या 'लिब्राटस' या संगणक-कार्यक्रमाने चार व्यावसायिक खेळाडूंना १,२०,००० डावांत हरवले. समोरच्याच्या चेहऱ्याकडे न पाहता!

स्पर्धेत मात्र आणखी एक पेच असतो. तिथे चिंचोका म्हणजे पैसा नव्हे. तीन खेळाडू उरले आहेत, तिघांकडे चिंचोके सारखे, आणि बक्षिसे ५०, ३० व २० वह्यांची. प्रत्येकाचा वाटा सरासरी ३३⅓ वह्या. आता आपण सगळे पणाला लावून एकाला बाद केले, तर आपल्याकडे दोन-तृतीयांश चिंचोके येतात. पहिल्या बक्षिसाची संधी त्या प्रमाणात धरली, तर आपला वाटा ५० × २/३ + ३० × १/३, म्हणजे ४३⅓. कमाई १० वह्यांची. हरलो तर हातात २० च. तोटा १३⅓ वह्यांचा. चिंचोके दुप्पट झाले, पण वह्या दुप्पट झाल्या नाहीत. म्हणून इथे पन्नास टक्के संधी पुरत नाही, ५७ टक्के लागते. सगळे पणाला लागण्याची वेळ येणार असेल, तर एरवी धरून ठेवली असती अशी काही पाने स्पर्धेत सोडून द्यावी लागतात. समोरच्यालाही हे ठाऊक असते, आणि म्हणूनच शेवटच्या टप्प्यात सलग चालींचा जोर वाढतो.

वर्गात करून पाहायचे तर राजा आणि गुलाम बाजूला काढा, उरलेली ५० पाने पिसून तीन उघडा, असे शंभर वेळा. मुलांचे गट पाडले तर एका तासिकेत होते. जोडी किती वेळा लागली हे फळ्यावर मांडल्यावर मगच ४४/५० चा गुणाकार करा. आधी केला तर मुले पत्ते मोजायचा कंटाळा करतात.