ऊसतोडीच्या हंगामात मागे राहिलेली मुले

मुलाला वेळेवर मिळायला हवे ते अन्न, देखभाल, औषधपाणी, शाळा किंवा माया सतत न मिळणे म्हणजे त्याची हेळसांड. ती हळूहळू साचत जाते. त्यामुळे शेजारच्यांनाही ती सवयीची होऊन बसते.

मराठवाड्यात हा प्रश्न ऊसतोडीच्या हंगामात तीव्र होतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. टोळीच्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल नवरा-बायकोला मिळून फेडायची असते. लेकरे सोबत नेली तर शाळा बुडते. गावी ठेवली तर थकलेली आजी किंवा दहा-बारा वर्षांची थोरली बहीणच त्यांना सांभाळते. मराठवाड्यातल्या मुरुडसारख्या मोठ्या गावातल्या शिक्षकांनी आणि अंगणवाडी सेविकांनी या महिन्यांत अधिक सावध राहायला हवे.

मुले मागे ठेवली म्हणून आई-बाप दोषी ठरत नाहीत. गरिबी आणि हेळसांड यांत गल्लत करणे हा मोठा अन्याय आहे. फाटका सदरा घातलेले पण वेळेवर जेवणारे, तापात दवाखान्यात नेले जाणारे लेकरू सांभाळलेले असते. उलट, खाऊनपिऊन सुखी घरातही मूल दुर्लक्षित असू शकते. एकाच दिवसावरून निष्कर्ष काढू नये. आठवडे उलटले तरी तेच दिसते का, हे पाहावे. शालेय पोषण आहारातले अन्न घरच्या भावंडासाठी लपवून नेणे, चिघळलेली जखम, वारंवार गैरहजेरी, अंधार पडल्यावरही घरी मोठे माणूस नसणे, मुलाचे गप्प होत जाणे, अशी चिन्हे एकत्र दिसू लागली की चौकशी हवी. सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषण असते. त्यामागचे कारण काहीही असो, उपचार तातडीने लागतात.

आधी घरी जाऊन आजीशी आपुलकीने बोलावे, आई-बापांना फोन लावून द्यावा. मुलाला चारचौघांत प्रश्न विचारू नयेत, त्याचा फोटो कुठेही टाकू नये. सरपंचांच्या अध्यक्षतेखालची ग्राम बालसंरक्षण समिती अशा घराला आधार देऊ शकते. जिवाला धोका असेल किंवा मूल अगदी एकटे असेल, तर मात्र वाट पाहू नये. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत मदत क्रमांक चोवीस तास चालतो. निराधार सापडलेल्या मुलाला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत जिल्ह्याच्या बालकल्याण समितीसमोर न्यावे लागते.

बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ नुसार जाणूनबुजून हेळसांड करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पण जन्मदात्यांनी परिस्थितीपुढे हतबल होऊन मूल सोडले असेल, तर त्यांना ही शिक्षा लागू होत नाही. मुलाला संस्थेत ठेवणे हाही याच कायद्यानुसार शेवटचा उपाय आहे. आधी नातलगांकडे सोय पाहिली जाते. एकल पालकांच्या वा निराधार मुलांसाठी बालसंगोपन योजनेतून दरमहा २,२५० रुपये मिळतात.

स्थलांतरित मजुरांच्या मुलांना गावातच राहून शिकता यावे म्हणून शाळांमार्फत हंगामी वसतिगृहे चालवली जातात. त्यांचा उपयोग व्हायचा तर तयारी टोळ्या निघण्याआधीच व्हावी लागते. कोणते मूल कुणाकडे राहणार, आई-बाप कोणत्या कारखान्यावर असणार, त्यांचा आणि मुकादमाचा फोन कोणता, आणि रेशनचे धान्य गावात कोण उचलणार, याची नोंद शाळेत आणि अंगणवाडीत दोन्हीकडे असावी.