हाली सिक्क्याचा कागदी अवतार

पहिल्या महायुद्धाच्या काळांत व त्यानंतर जर्मनींतील अगदीं लहान गांवांनींहि आपापल्या नोटा छापल्या, ही मौजेची हकीगत पुष्कळ वाचकांच्या कानांवर असेल. परभणीकरांस मात्र त्या युद्धाचें कागदी अपत्य पाहण्यास इतकें दूर जावयास नको.

परभणी जिल्हा त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होता. तेथें इंग्रजी 'कलदार' नव्हे, तर 'हाली सिक्का' चाले. हाली रुपयांत चांदी कमी, त्यामुळें सात हाली म्हणजे सहा कलदार असा साधारण हिशेब. सेलू-मानवतचा कापूस मुंबईकडे गेला कीं पैसा यावयाचा कलदारांत, आणि सारा भरावयाचा हालींत! हिशेबनीसाच्या डोक्यास ताप तो किती!

युद्धांत चांदी भडकली. रुपया चालविण्यापेक्षां आटविण्यांत लाभ दिसूं लागला, तेव्हां नाण्यांची चणचण व्हावी हें ओघानेंच आलें. इंग्रज सरकारनें ३० नोव्हेंबर १९१७ रोजीं एक रुपयाची नोट काढली, आणि १९१८ सालीं हैदराबादनेंहि कायदा करून स्वतःच्या नोटा सुरू केल्या. जर्मन गांवची नोट वेशीबाहेर कोणी ओळखीत नसे. हिच्या पाठीशीं मात्र सबंध राज्याचा खजिना होता.

या नोटांवर उर्दू व इंग्रजीबरोबर मराठी, तेलुगु व कानडी या भाषांसहि स्थान होतें. त्याच १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांत शिक्षणाचें माध्यम उर्दू ठरलें. विद्यापीठांत जी योग्यता मराठीस लाभली नाहीं, ती नोटेवर लाभली. कारण पैशाला माणसाचा विश्वास लागतो, आणि तो त्याच्याच लिपींत मागावा लागतो.

एका गठ्ठ्याचें दैव तर विलक्षण. लंडनहून मुंबईस निघालेली 'इजिप्त' ही आगबोट २० मे १९२२ रोजीं फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ दाट धुक्यांत दुसऱ्या बोटीवर आदळून बुडाली. सोन्याचांदीबरोबर निजामाच्या नोटाहि तळाशीं गेल्या. १९३२ सालीं इटालियन पाणबुड्यांनीं सुमारें चारशें फूट खोलीवरून सोनें काढलें, त्यांत या नोटाहि वर आल्या. कांहीं आजहि संग्राहकांपाशीं आहेत.

सप्टेंबर १९४८ मध्यें निजामाची सत्ता संपली, पण हाली सिक्का १९५५ पर्यंत कायदेशीर चलन राहिला. घरांतील जुनीं खरेदीखतें चाळतांना रकमेपुढें 'हाली' आहे कीं 'कलदार', हें आधीं पाहावें. हजार हाली म्हणजे कलदार आठशें सत्तावन्नच.