परवडणारी वाइन कोणती?

सातपूरच्या बचत गटात हल्ली हळूच विचारणा होते, ‘ताई, परवडणारी वाइन कोणती हो?’ जवळच गंगापूर भागात सुलाची पहिली वाइन २००० साली आली, तेव्हा नवल कसलं! स्वस्तातली गोड ‘पोर्ट’ मला नाही पटत, साखरच फार. त्यापेक्षा इथलीच साधी शेनिन ब्लाँ बरी. ७५० मिलिच्या बाटलीत पाच ग्लास होतात. बूच लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते, एका बैठकीत संपवायला नको. पण ‘द्राक्षाचा रसच तो’ म्हणू नका हं! अल्कोहोल १२-१३ टक्के, साध्या बिअरच्या दुपटीहून जास्त. कोणतंही प्रमाण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलंय. म्हणून रोज नकोच. आणि जिच्या घरी आधीच दारूचा जाच आहे, तिला मी कोणतीच बाटली सुचवत नाही.